वाचक विचारतात: तेव्हा जेट असतं तर?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की, प्रत्यक्षात कधीच न बनलेली लढाऊ विमानं वहीत रेखाटणाऱ्या मुलांना कुणी रिकामटेकडं म्हणू नये. विमान काढणारा मुलगा निदान ‘हे उडेल का?’ एवढं तरी स्वतःला विचारतो. त्यावर बडोद्यातून आणि बाहेरूनही पुष्कळ पत्रं आली, म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. ‘असं झालं असतं तर’ हा खेळ मला फार आवडतो, मात्र माझी एक अट असते. इतिहासातली एकच गोष्ट बदलायची आणि तिची किंमत कुठून वसूल होते ते शेवटपर्यंत शोधायचं.

सर, फ्रँक व्हिटलने १९३० मध्येच जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ब्रिटिश सरकारने तेव्हाच पैसे दिले असते तर १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायरच्या जागी जेट विमानं लढली असती का? आम्ही मित्र अशा विमानांची वही करतोय.
— अकरावीतला विद्यार्थी, दांडिया बाजार

१९४० मध्ये नसती लढली. १९४२ मध्ये मात्र लढली असती, असं मला मनापासून वाटतं. या दोन वर्षांच्या फरकाचं कारण नीट कळलं, तर तुमच्या वहीला वजन येईल.

व्हिटल तेव्हा बावीस वर्षांचा हवाई दलातला अधिकारी होता. हवाई मंत्रालयाने त्याच्या कल्पनेत रस घेतला नाही. १९३५ मध्ये पेटंटच्या नूतनीकरणासाठी ५ पौंड भरायचे होते. ते त्याच्याकडे नव्हते, सरकारनेही भरले नाहीत आणि पेटंट गेलं. हे आठवलं की मला आजही चीड येते. पुढे १९३६ मध्ये काही मित्रांनी भांडवल जमवून पॉवर जेट्स ही कंपनी काढली आणि १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी गावात त्याचं पहिलं इंजिन फिरलं. फिरलं कसलं, सुसाटच सुटलं! आत साचलेलं इंधन पेटलं, वेग आपोआप वाढत गेला, बाकीची माणसं पळाली. व्हिटल एकटा झडप बंद करायला थांबला. विमान उडालं त्यानंतर चार वर्षांनी, १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेलला. ग्लॉस्टर ई.२८/३९ हे ते विमान, वैमानिक गेरी सेयर, उड्डाण सतरा मिनिटांचं.

आता तू म्हणशील, पैसे दिले असते तर हे सगळं सहा-सात वर्षं आधी झालं असतं. इथे थांब आणि इंजिनाच्या आत बघ. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो, आणि टर्बाइनमधून मिळालेली ताकद एका दांड्यावरून परत कॉम्प्रेसरला जाते. कॉम्प्रेसरची भूक भागल्यावर वायूत जेवढा जोर उरेल, तेवढाच विमान पुढे ढकलायला मिळतो. १९३० च्या सुमारासचे कॉम्प्रेसर असे होते की ती भूकच भागत नसे, इंजिन स्वतःलाच फिरवू शकत नसे. व्हिटलला हवा चारपट दाबायची होती, तीही ८० टक्के कार्यक्षमतेने. तोपर्यंत कुणी ते करून दाखवलं नव्हतं. दुसरी अडचण आगीची. एवढ्याशा डब्यात, एवढ्या वेगाच्या हवेत ज्योत टिकवायची. त्यावर समाधानकारक उपाय १९४० मध्ये निघाला.

तिसरी अडचण धातूची. माझ्या टेबलावर टर्बाइनचं एक जुनं पातं असतं, एका माजी विद्यार्थ्याने दिलेलं. बोटभर लांब, किंचित पिळलेलं, कडेला कागदासारखं पातळ. त्याच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांच्या खाचा आहेत. चकतीतल्या तशाच खाचांत ते सरकवून बसवतात. उन्हात धरलं की टोकाकडे तपकिरी आणि निळसर झाक दिसते, ती उष्णतेची. हे पातं लालभडक तापलेलं असताना मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि केंद्रापासून बाहेर ओढलं जातं. साधं पोलाद अशा वेळी तुटण्याआधी हळूहळू ताणलं जातं, लांब होतं आणि बाहेरच्या कवचाला घासतं. निकेलचा नायमॉनिक मिश्रधातू ब्रिटनमध्ये १९४० च्या आसपास तयार झाला, तेव्हा कुठे यावर इलाज मिळाला. व्हिटलला १९३० मध्ये पोतंभर पौंड दिले असते तरी हा धातू बाजारात मिळणार नव्हता. त्यावरचं संशोधन मात्र लवकर सुरू झालं असतं. म्हणून मी दोन-तीन वर्षं देतो, दहा देत नाही.

वहीत १९३६ चंच जेट हवं असेल, तर इटलीच्या काम्पिनीचा मार्ग घे. त्याने टर्बाइनच वगळलं. नेहमीच्या पिस्टन इंजिनाने कॉम्प्रेसर फिरवला आणि मागच्या नळीत इंधन जाळलं. कप्रोनी-काम्पिनीचं हे विमान १९४० मध्ये खरोखर उडालं. त्याचा वेग ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे त्या काळच्या पंख्याच्या लढाऊ विमानांहूनही कमी. तेव्हा तुझं १९३६ चं जेट उडेल, पण लढाईत मागे पडेल. वहीत तेही लिही.

हिटलरने मेसरश्मिट २६२ या जेटला बॉम्बफेकी विमान बनवण्याचा हट्ट धरला नसता, तर जर्मनीने १९४३ मध्येच आकाश जिंकलं असतं, असं वाचलं. खरं का?
— एक वाचक, प्रतापनगर

हे वाक्य युद्धानंतर जर्मन अधिकाऱ्यांनी पुष्कळ खपवलं. सगळा दोष मेलेल्या माणसावर गेला की जिवंत माणसं मोकळी होतात. विमानाचा सांगाडा लवकर तयार होता, हे मान्य. १८ जुलै १९४२ रोजी फ्रिट्झ वेंडेलने ते निव्वळ जेटच्या जोरावर उडवलं. तेव्हा त्याला शेपटाखाली चाक होतं, त्यामुळे धावपट्टीवर शेपूट खालीच राही आणि शेपटावरच्या पट्ट्यांना हवाच लागेना. वेंडेलने भर वेगात ब्रेक हलकेच दाबला, शेपूट वर आलं आणि मग विमान उचललं. काय हिंमत असेल!

पण इंजिन? युमो ००४ च्या पहिल्या आवृत्तीत निकेल आणि इतर दुर्मीळ धातू सढळ हाताने वापरले होते. ते धातू जर्मनीकडे पुरेसे नव्हतेच. म्हणून पुढच्या आवृत्तीत ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले आणि त्यावर अॅल्युमिनियमचा थर भाजून चढवला. टर्बाइनची पाती पोकळ करून आतून हवा खेळवली. त्या टंचाईतली ही कारागिरी अव्वल दर्जाची आहे, हे मी इंजिनवाला म्हणून सांगतो. तरी असं इंजिन दहा ते पंचवीस तासच टिके, आणि वैमानिकाने थ्रॉटल झटकन पुढे ढकलला तर आग तरी विझे किंवा पाती तरी जळत. मोठ्या संख्येने ही इंजिनं निघू लागली तीच १९४४ च्या उन्हाळ्याच्या सुमाराला. तोवर हिटलरने काहीही म्हटलं असतं तरी इंजिनाविना विमानं जमिनीवरच होती.

आणखी एक गोष्ट, जी या विमानांच्या रंगीत पुस्तकांत सहसा येत नाही. यातली पुष्कळ इंजिनं नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत बनली आणि विमानाचे सांगाडे ऑस्ट्रियात गुझेनच्या बोगद्यांत. राबणारी माणसं छळछावण्यांतले कैदी होती, आणि त्यांतले हजारो तिथेच मेले. ‘जर्मनीला आणखी एक वर्ष मिळालं असतं तर’ असं रंगवताना ते वर्ष त्या बोगद्यांतही गेलं असतं, हे ध्यानात असू द्या.

नुसत्या चित्रावरून जेट इंजिन बनवता येतं का?
— रावपुऱ्यातला एक वर्कशॉपवाला

येतं, आणि एकदा बनलंही आहे. जर्मनीतून इंजिनांची माहिती आणि सामान घेऊन निघालेली आय-२९ ही जपानी पाणबुडी जुलै १९४४ मध्ये सिंगापूरला पोचली. तिथून निघाल्यावर अमेरिकन पाणबुडीने ती बुडवली. पण एक अधिकारी सिंगापूरला उतरून थोडी कागदपत्रं घेऊन विमानाने पुढे गेला होता, आणि त्यांत बीएमडब्ल्यू ००३ इंजिनाचा उभा छेद दाखवणारं एक लहान केलेलं चित्र होतं. त्यावरून आणि स्वतःच्या आधीच्या प्रयोगांवरून जपान्यांनी ने-२० हे इंजिन उभं केलं. ते बसवलेलं किक्का विमान ७ ऑगस्ट १९४५ ला, हिरोशिमाच्या दुसऱ्या दिवशी, उडालं. मापं चित्रातून मिळाली, पण निकेल कुठून मिळणार? पात्यांना तडे जात राहिले. तुम्ही लेथवर काम करता, तुम्हाला याहून जास्त सांगायला नको.

आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं आणि ते पाहायला महाराज सयाजीराव हजर होते. त्यात पाऱ्याचं इंजिन होतं, म्हणजे पहिलं जेट आपलंच. हे तुम्ही का लिहीत नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, वाडी

काका, तुमच्या पत्रातली कळकळ मला समजते, म्हणून स्पष्ट लिहितो. तळपदे होऊन गेले, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता आणि त्यांनी त्यासाठी खटपट केली, याबद्दल मला आदरच आहे. पण त्या दिवशीच्या उड्डाणाची समकालीन नोंद म्हणून जे सांगितलं जातं, ते सगळं नंतरच्या लिखाणातलं आहे. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार देतात, तो ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला आणि लिहून घेतला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला.

पाऱ्याचं म्हणाल, तर पारा जळत नाही, म्हणजे इंधन म्हणून तो काहीच देत नाही. नासाने १९६४ मध्ये पाऱ्याचं आयन इंजिन अवकाशात चालवलं, हे खरं आहे. पण त्याचा जोर टेबलावरचा कागदही उचलणार नाही इतका थोडा असतो. तो अवकाशात उपयोगी पडतो, चौपाटीवर नाही.

सयाजीरावांना असल्या आधाराची गरज नाही. त्यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मला कुणी बडोद्याचा पर्यायी इतिहास रंगवायला सांगितला, तर मी १९१० साल घेईन. त्या वर्षी अलाहाबादला विमान उडालं आणि दोन महिन्यांत तिथून हवाई टपालही गेलं. त्याच सुमारास कलाभवनात इंजिन तपासायचा एक बाक बसला असता तर? मी तिथे उष्णता-इंजिनं शिकवली आहेत, म्हणून या एका ‘तर’ने माझी झोप उडते.

मी प्लॅस्टिकची विमानं जुळवते. ‘बडोदा’ नाव असलेलं एक काल्पनिक जेट करायचं आहे. त्याला इतिहासाचा थोडा तरी टेकू मिळेल का?
— एक वाचक, इंदूर

ताई, टेकू कसला, अख्खी स्क्वाड्रन मिळेल! रॉयल एअर फोर्सच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नावच ‘बडोदा’ होतं. दुसऱ्या महायुद्धात बडोदा संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे हे नाव आलं. म्हैसूर आणि हैदराबादच्या नावांच्याही स्क्वाड्रन होत्या. बडोदा स्क्वाड्रनकडे स्पिटफायर होती, आणि त्यातही फार उंचावर लढणारी, हवाबंद कॉकपिटची. लांबवलेल्या टोकदार पंखांवरून ती ओळखू येतात. तिच्या चिन्हावर मुंगूस होतं, आणि ब्रीदवाक्याचा अर्थ ‘संकट हीच आमची संधी’. १९४५ च्या सुरुवातीला या स्क्वाड्रनच्या स्पिटफायरनी हॉलंडमधल्या व्ही-२ अग्निबाणांच्या तळांवर बॉम्ब टाकले.

आता खास तुमच्यासाठी. १९४५ च्या उन्हाळ्यात या स्क्वाड्रनला ग्लॉस्टर मिटिऑर ही जेट विमानं मिळाली. म्हणजे बडोद्याचं नाव एका जेट स्क्वाड्रनला खरोखरच होतं! १ एप्रिल १९४६ ला तिचा क्रमांक बदलून ५६ केला आणि नाव गेलं. सूरसागरच्या काठी संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींपैकी किती जणांना हे माहीत असेल? शाळेच्या पुस्तकात हे एक वाक्य तरी हवं होतं.

काल्पनिक भाग असा करा: जपानशी युद्ध १९४६ पर्यंत लांबलं आणि बडोदा स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. मग ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेतला मधला लाल ठिपका काढून टाका. जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून आपल्या बाजूची माणसं चुकून गोळी घालतील या भीतीने आग्नेय आशियात तो खरोखरच काढला होता. तिथे गडद निळा आणि फिकट निळा असे दोनच रंग ठेवत. विमानाच्या अंगावर स्क्वाड्रनची ओएन ही अक्षरं. मॉडेल मिटिऑर ३ चं घ्या, इंजिन डरवेंट. पंखांखाली आणि पोटाखाली शक्य तेवढ्या टाक्या लावा, कारण सुरुवातीची जेट प्रचंड इंधन पीत आणि ब्रह्मदेशात अंतरं मोठी. टाक्यांविना मिटिऑर तिथे नुसती विमानतळाची राखण करत बसली असती.

भारतीय विमानाचं ‘असं झालं असतं तर’ सांगा. सारखं इंग्लंड-जर्मनी काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मकरपुरा

तुझं म्हणणं रास्त आहे. आपल्याकडचं सर्वांत दुखरं ‘तर’ म्हणजे एचएफ-२४ मारुत हे लढाऊ जेट.

फोके-वुल्फ या जर्मन विमान कंपनीचा रचनाकार कुर्ट टांक युद्धानंतर अर्जेंटिनात गेला. तिथे त्याने मागे झुकलेल्या पंखांचं पुल्की २ हे जेट केलं. १९५६ मध्ये तो बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आला. आपल्या हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान हवं होतं. टांक आणि त्याच्याबरोबरच्या भारतीय अभियंत्यांनी आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवलं, डकोटाने ओढून वर नेलं आणि तपासलं. मग १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी मारुत उडवलं. स्वातंत्र्याला चौदा वर्षंच झाली होती! त्याचा आराखडा आजही बघ: लांबट नाक, कमरेशी आवळलेलं अंग, मागे झुकलेले पंख. वेगासाठीच घडवलेलं विमान.

इंजिनं मात्र मिळाली दोन ब्रिस्टल ऑर्फियस ७०३, प्रत्येकी साधारण २,२०० किलो जोराची, आफ्टरबर्नरविना (म्हणजे मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी जोडणी नसलेली). आराखडा केला होता ऑर्फियस १२ साठी, आफ्टरबर्नरसकट साधारण ३,७०० किलोच्या. ते इंजिन पुढे विकसित करायला ब्रिटिशांना पैसे हवे होते, आपण दिले नाहीत. मग शोधाशोध सुरू झाली. रशियन इंजिन पाहिलं. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० इंजिन बनवत होता, तर एक मारुत तिथे नेऊन १९६७ मध्ये त्यावर चाचण्या केल्या. इजिप्तने तो कार्यक्रमच बंद केला. बंगळुरूतल्या अभियंत्यांनी ऑर्फियसला स्वतःचा आफ्टरबर्नर जोडला. त्या नमुन्याचं उड्डाण करताना १० जानेवारी १९७० ला सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. मारुत १४७ बनली, १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर चांगली लढली, पण ध्वनीचा अडसर तिने सरळ उड्डाणात कधी ओलांडला नाही.

आता एकच गोष्ट बदल: ऑर्फियस १२ चे पैसे आपण दिले. किंमत कुठून वसूल होते ते बघ. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई होती आणि त्याच चलनातून भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहत होते. म्हणजे पैसे देणारा अर्थमंत्री कुठलं तरी यंत्र उशिरा आणणार. तरीही मी म्हणेन, द्यायला हवे होते. नॅट विमानासाठी ऑर्फियस बंगळुरूतच बनत होतं, त्यामुळे तंत्र हाताशी होतं. त्या हातांना साठच्या दशकातच तापलेल्या पात्यांचा आणि आफ्टरबर्नरचा सराव झाला असता. स्वदेशी कावेरी इंजिनाचं काम १९८९ मध्ये मंजूर झालं आणि तेजस २००१ मध्ये उडालं ते अमेरिकन इंजिनावर. मधली तीस वर्षं आपण इंजिनाच्या शाळेत गेलोच नाही, असं माझं मत आहे.

वहीत काढायचं असेल तर मागचा भाग थोडा लांब कर, आफ्टरबर्नरच्या नळ्यांना जागा लागते. शेपटाशी जोडणाऱ्या चौकटी जाड कर आणि उष्णता अडवायला मधे पत्र्याचं आवरण दाखव. आफ्टरबर्नर पेटवला की इंधन कित्येक पटींनी जळतं, म्हणून पंखांखालच्या टाक्या मोठ्या कर. टाक्या वाढल्या की बॉम्ब कमी करावे लागतील. किती, ते गणित करून पुढच्या पत्रात पाठव. मी तपासून देईन.